नाव लागण्याआधी

मंदारने फोन स्पीकरवर ठेवला होता आणि मी ओट्याशी गवार मोडत होते. गाडीच्या पॉलिसीत माझं नाव घालायचं होतं, एवढंच काम. विमा एजंट बाई पलीकडून प्रश्न विचारत होत्या. जन्मतारीख, पासपोर्टवरचं नाव, लायसन्स कुठल्या देशाचं. बरीचशी उत्तरं मंदार देत होता, मधूनमधून मी. अपघातानंतर कोर्टात जाण्याच्या हक्काबद्दल इथे, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, दोन पर्याय असतात, असं मी आदल्या दिवशी वाचलं होतं. म्हणून विचारलं, की त्यातला कुठला घ्यायचा ते मला सांगता येईल का. बाई म्हणाल्या, तो पर्याय तुमच्या नवऱ्याने पॉलिसी घेताना निवडलेला आहे, घरात राहणाऱ्या बायकोलाही तोच लागू होतो. नाव आज घालतोय, पण तुम्ही इथे राहायला आलात तेव्हापासून तो तुम्हाला लागू आहे. बाई अगदी नीट, समजावून बोलत होत्या. फोन संपला, गवार फोडणीला गेली, जेवणं झाली, मंदार झोपला. मी मात्र जागी होते.

न्यू जर्सीबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. इथे अपघातात चूक कुणाचीही असो, तुमच्या औषधपाण्याचा खर्च आधी तुमच्याच पॉलिसीतून होतो. राहतो प्रश्न सोसलेल्या दुखण्याचा. त्याची भरपाई समोरच्याकडून मागायची, तर जास्त हप्ता भरणाऱ्याला कुठल्याही इजेसाठी कोर्टात जाता येतं. कमी हप्ता भरणाऱ्याला फक्त ठरावीक इजांसाठी: मृत्यू, अवयव गमावणं, ठळक विद्रूपता, हाड मोडून जागचं सरकणं, पोटातलं बाळ जाणं, किंवा कायमची इजा. काहीच निवडलं नाही, तर हा कमी हप्त्याचा पर्यायच लागू होतो. मंदारने तो घेतला तेव्हा तो जर्सी सिटीत मित्रांबरोबर खोली करून राहत होता, जुनी कोरोला नुकतीच घेतली होती आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवत होता. जिथे चार डॉलर वाचतील तिथे त्याने वाचवले. तेव्हा आमची ओळखही नव्हती. आणि तरी त्या यादीतली पाचवी गोष्ट वाचताना मला जाणवलं, की ही ओळ त्याच्यासाठी कधीच नव्हती. ती माझ्यासाठी होती, आणि तिच्यावर सही त्याची होती.

राग म्हणावा तर तो नव्हता. रागवायचं कुणावर? मंदारला स्वतःलाही आठवत नव्हतं आपण काय निवडलं ते. पण मी सांगलीच्या एका सहकारी बँकेत नोकरी केली आहे, आणि तिथे सहीची एक शिस्त अंगात मुरलेली असते. जामीनदाराला आम्ही समोर बसवायचो, कर्जाचा आकडा मोठ्याने वाचून दाखवायचो, कर्जदार थकला तर काय होईल ते सांगायचो आणि मगच पानापानावर सही घ्यायचो. घाईत असलेले लोक वैतागायचे. “मॅडम, भाऊच आहे माझा, द्या इकडे पेन.” तरी आम्ही वाचायचो. एकाच्या सहीने दुसरा बांधला जातो तो फक्त दुसऱ्याच्या देखत, त्याला कळून, असं मी इतकी वर्षं मानत आले. इथे लग्न हीच सही धरली गेली होती.

पॉलिसीचा मजकूर मग मी शांतपणे वाचायला घेतला. बहुतेक पॉलिसींमध्ये सुरुवातीलाच ‘तुम्ही’ म्हणजे कोण ते सांगितलेलं असतं: ज्याचं नाव पहिल्या पानावर आहे तो, आणि त्याच्याच घरात राहत असेल तर त्याचा जोडीदार. म्हणजे नाव छापलेलं नसलं तरी बायको आत असते. संरक्षण मिळतं ते खरंच आहे, आणि ते कमी नाही. रस्त्यावर मला काही झालं असतं तर दवाखान्याचा खर्च याच कागदातून झाला असता, माझ्या नावाचा पत्ता नसताना. त्या रात्री मला सुरक्षित वाटलं आणि कुणीतरी न विचारता माझं सामान हलवल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदम. अजूनही त्यातलं कुठलं एक खरं म्हणावं ते ठरत नाही.

बँकेचं काम त्याआधीचं.

आम्ही पहिल्यांदा ज्या शाखेत गेलो तिथे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथे नोकरीला आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक, नाही म्हटल्यावर समोरच्या मुलाने मान हलवली. एच-फोरवर, म्हणजे इथे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या बायकोला काम करायची परवानगी नसेल, तर तो नंबर मिळत नाही. मिळतं ते सोशल सिक्युरिटीच्या कचेरीतून एक पत्र, की या व्यक्तीला नंबर देता येत नाही. आधी आलेल्या मैत्रिणींनी सांगितलं म्हणून मी ते मागून घेतलं आणि फाइलला लावून ठेवलं. लायसन्ससाठी पत्त्याचा पुरावा लागतो, पत्त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट चालतं, आणि बँक म्हणते आधी इथलं ओळखपत्र आणा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत. वीज आणि गॅसचं बिल मंदारच्या नावाचं. घराच्या करारात माझं नाव नंतर घातलेलं, तेही भाडेकरू म्हणून नाही, घरात राहणारी व्यक्ती म्हणून.

त्या शाखेतून बाहेर पडताना मंदारचा चेहरा उतरला होता, माझा नव्हता. नियम काय म्हणतो आणि काउंटर काय म्हणतं यात किती अंतर असू शकतं, ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे. घरी येऊन शोधलं. २००१च्या पॅट्रियट कायद्यानंतर इथल्या बँकांना खातं उघडताना चार गोष्टी घ्याव्या लागतात: नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक ओळख क्रमांक. अमेरिकी नागरिक नसलेल्यासाठी तो क्रमांक पासपोर्टचा आणि तो देणाऱ्या देशाचा चालतो. सोशल सिक्युरिटी नंबरच हवा, असं कायदा म्हणत नाही. एखादी बँक आपल्या धोरणात तसं म्हणू शकते, आणि मग दुसरी बँक शोधायची. आम्ही शोधली. पासपोर्ट, व्हिसा, आय-९४चं म्हणजे देशात आल्याच्या सरकारी नोंदीचं प्रिंटआउट आणि घराचा करार एवढ्यावर तिथे काम झालं.

ती शाखा मला आवडली, हे सांगायला हवं. गालिचा, मंद दिवे, टेबलावर वाडग्यात लॉलीपॉप. माझ्या कानांना बँक म्हणजे नोटा मोजायच्या मशीनची फडफड, पासबुक छापणाऱ्या प्रिंटरची करकर, शिक्क्याचा धपका आणि “ओ मॅडम, नंबर माझा होता” हे सगळं एकदम. इथे ऐकू येत होता फक्त कीबोर्ड. बाहेर गाड्यांची रांग, आणि गाडीतूनच खिडकीशी डबी ठेवली की नळीतून हवेच्या दाबाने ती आत जाते, पैसे घेऊन परत येते. समोर बसलेला मुलगा तरुण होता, हसतमुख, माझं नाव दोनदा विचारून नीट उच्चारणारा. पण प्रश्न माझ्याबद्दल असला तरी उत्तरासाठी त्याची नजर मंदारकडे जायची. पत्ता किती दिवसांपासून? मंदारकडे. खात्यात साधारण किती व्यवहार होतील? मंदारकडे. सही करायचं पॅड माझ्याकडे आलं ते शेवटी.

मला माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या नव्या लग्नाच्या मुली आठवल्या. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर माहेरचं नाव, पत्ता जतचा नाहीतर कवठेमहांकाळचा, लाइट बिल सासऱ्यांचं. सोबत नवरा, क्वचित सासू. मी मुलीला विचारायचे, “मोबाइल नंबर कुठला लिहायचा, तुमचा स्वतःचा आहे ना?” की ती आधी शेजारी बघायची. नवरा आपला नंबर सांगून मोकळा व्हायचा. त्यात दुष्टपणा नसायचा, त्याला ते सोयीचंच वाटायचं. मी पेन खाली ठेवून पुन्हा तिलाच विचारायचे, कारण पैसे काढल्याचा मेसेज कुणाच्या फोनवर जातो यावर पुढचं पुष्कळ काही ठरतं. लग्नाचा दाखला आणा, गॅझेट झालं असेल तर ते आणा, आणि जॉइंट हवं तर जरूर करा, पण एक खातं एकटीचं राहू द्या. हे मी इतक्या जणींना सांगितलं, की ते माझ्या तोंडी सहज यायचं.

नोकरीचा रकाना आला तेव्हा त्या मुलाने स्क्रीनवरच्या यादीतले पर्याय वाचून दाखवले. मंदार पटकन म्हणाला, “होममेकर.” उत्तर चूक नव्हतं. २०१५पासून काही एच-फोर जोडीदारांना काम करता येतं, पण त्यासाठी नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल एका टप्प्यापलीकडे गेलेली असावी लागते, आणि आमची अजून गेलेली नाही. तरी मी त्याला थांबवलं आणि त्या मुलाला सांगितलं, की मी बँकर आहे, सध्या काम करत नाही. त्याच्या यादीत तसा पर्याय नव्हता, होममेकरच राहिलं. पण तो क्षणात बदलला. “रिअली? कुठली बँक?” मग पुढची दहा मिनिटं आम्ही चेकबद्दल बोललो, आणि उरलेले प्रश्न त्याने मला विचारले.

चेक मात्र बघण्यासारखा होता. डाव्या कोपऱ्यात वर आम्हा दोघांची नावं छापलेली, एकाखाली एक. तारखेत आधी महिना. अक्षरी रकमेनंतर सेंट लिहायचे ते अपूर्णांकात, शंभरापैकी इतके असे. कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारायला माझा हात आपोआप गेला आणि कळलं, की इथे चेक क्रॉस करायची पद्धतच नाही. मग नजर खालच्या पट्टीवर गेली. चुंबकीय शाईतले ते जाड-बारीक, थोडे चौकोनी आकडे. सांगलीच्या चेकवर हेच असायचे, याच वळणाचे. दोन्ही देश एकच ई-१३बी नावाचा टाइप वापरतात. आपल्याकडे त्यातले नऊ आकडे शहर, बँक आणि शाखा सांगतात, इथे नऊ आकडी राउटिंग नंबर, जो अमेरिकन बँकर्स असोसिएशनने १९१०पासून चालवला आहे. परक्या स्टेशनवर गावचं माणूस भेटावं तसं मला झालं. मी बोट फिरवून बघितलं. ती शाई बोटाला लागत नाही, पण सवय.

आठवड्याभरात कार्ड आलं. पासपोर्टवर माझं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात आहे, आडनाव वेगळ्या. लग्नानंतर मी काही बदललं नाही. कार्डावर माझं पूर्ण नाव आलं, मग बाबांच्या नावाची पहिली दोन अक्षरं, आणि जागा संपल्यामुळे लगेच आडनाव. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते चष्मा लावून बराच वेळ बघत होते. “माझंही खातं निघालं म्हणायचं अमेरिकेत,” म्हणाले.

आईने विचारलं ते वेगळंच. “नाव लागलं का गं तुझं?” खातं उघडलं का, कार्ड आलं का, असं नाही. नाव लागलं का. हे तिच्याकडे सातबाऱ्यावरून आलेलं आहे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा आमच्या गावातल्या काही नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. माझे आजोबा त्यांतले. आजीला वाचता येत नव्हतं. तरी ती अधूनमधून तलाठ्याकडून उतारा आणवायची आणि आईकडून वाचून घ्यायची, आपलं नाव आहे ना अजून. आजोबांवर तिचा अविश्वास होता असं अजिबात नाही. तिला फक्त ऐकायला आवडायचं ते.

तर नाव लागलं. जॉइंट खात्यातून दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतं, बँक बुडाली तर सरकारी संरक्षण प्रत्येकाला अडीच लाख डॉलरपर्यंत. पण पगार येतो तो एकाचाच. ओक ट्री रोडवर मी पहिल्यांदा त्या कार्डाने सामान घेतलं, तेव्हा मंदार ऑफिसात होता आणि त्याच्या फोनवर टिंग वाजलं. संध्याकाळी घरी येऊन तो आनंदाने म्हणाला, “आज पटेलकडे गेली होतीस ना?” त्याला खरंच आनंद झाला होता, की मी एकटी बाहेर पडले, कार्ड चाललं, सगळं जमलं. मला मात्र घशाशी काहीतरी आल्यासारखं झालं. मी माझ्या पगारातून बहिणीला साडी घेतली तेव्हा कुणाचाही फोन वाजला नव्हता. मी त्याला तसंच सांगितलं, आडवळण न घेता. त्याने फोन काढला, सूचना बंद केल्या आणि म्हणाला, मला सुचलंच नाही. मग मीच म्हटलं, मोठ्या रकमेच्या राहू देत, दोघांच्याही फोनवर. कार्डाची चोरी झाली तर कळायला हवं. कामाच्या दृष्टीने ते बरोबर होतं. मनाच्या दृष्टीने मला अजूनही दुकानात कार्ड पुढे करताना मंदारचं ऑफिस आठवतं.

बँकेत खातं असलं म्हणजे इथे पत तयार होते असं नाही, हे अनेकांना उशिरा कळतं. पत तयार होते ती उसन्या पैशावर: क्रेडिट कार्ड, कर्ज, आणि ते वेळेवर फेडणं. तीनशे ते साडेआठशे यांमधला तो आकडा मिळायला निदान सहा महिने जुनं एखादं खातं लागतं. मी सांगलीत रोज लोकांचे सिबिल रिपोर्ट काढायचे. आपल्याकडचा तो आकडा नऊशेपर्यंत जातो, माझा स्वतःचा बरा वरचा होता. सिबिलचं नाव आता ट्रान्सयुनियन सिबिल आहे आणि ट्रान्सयुनियन ही शिकागोची कंपनी, इथल्या तीन मोठ्या ब्युरोंपैकी एक. म्हणजे माझ्या हप्त्यांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचं मूळ घर इथलंच, आणि तरी इथे माझी पाटी कोरी. दोन देशांचे कायदे वेगळे, नोंदी वेगळ्या, हे कारण मला समजतं. पटतही असावं. पण रात्री ते रिपोर्टचं पान उघडून “नोंद सापडली नाही” वाचताना कारणाचा उपयोग होत नाही.

मंदारने मला त्याच्या क्रेडिट कार्डावर घेतलं. इथल्या समान पत कायद्याच्या नियमांनुसार जोडीदाराला खातं वापरायची परवानगी असेल, तर त्या खात्याची नोंद दोघांच्याही नावाने जायला हवी. तो कायदा १९७४चा. त्याआधी विवाहित बाईला स्वतःच्या नावाने कार्ड नाकारणं, नवऱ्याची सही आणा म्हणणं, ही या देशातली सर्रास चाललेली गोष्ट होती. मला हे वाचून आश्चर्य वाटलं आणि धीरही आला. आम्ही इथे येऊन ज्या खिडक्यांशी अडखळतो, तिथे इथल्या बायका पन्नास वर्षांपूर्वी उभ्या होत्या आणि त्यांनी ते बदलून घेतलं. अर्थात नियम असला तरी ज्या बाईकडे नंबरच नाही, तिची नोंद तिच्या नावाशी जुळेलच असं नाही. पुढे मंदारबरोबर एकत्र कर विवरण भरताना डब्ल्यू-७ अर्ज जोडून मी आयटीआयएन घेतला. नऊने सुरू होणारा तो नंबर करापुरताच असतो, त्यावर नोकरी करता येत नाही. पण आता काही बँका त्यावर माझा अर्ज निदान वाचतात.

आणि गाडी. न्यू जर्सीच्या आमच्या भागात गाडीशिवाय बँक नाही, भाजी नाही, डॉक्टर नाही. गाडी मी कॉलेजपासून चालवते. बँकेत असताना वसुलीच्या दौऱ्यांना जत तालुक्यात जायचे तेव्हा कित्येकदा स्टिअरिंग माझ्याच हातात असायचं. उन्हाळ्यात, कडेला ट्रॅक्टर, समोर शेळ्या, रस्ता संपून मुरूम सुरू झाला तरी. एजंट बाईंनी विचारलं, अमेरिकेत किती वर्षं चालवताय, आणि त्या रकान्यात शून्य लिहिलं. माझ्या अल्टोवर पन्नास टक्के नो क्लेम बोनस जमला होता, त्याचं पत्रही मी आणलं होतं. ते त्यांनी बघितलं, पण धरलं नाही. आपल्याकडे हप्ता ठरतो तो बराचसा गाडीकडे बघून, इंजिन केवढं, किंमत किती. इथे गाडीइतकंच माणसाकडे बघतात: वय, लायसन्सची वर्षं, अपघात, तिकिटं, आणि न्यू जर्सीत तर पतसुद्धा. कॅलिफोर्नियात विमा कंपनीला क्रेडिट स्कोअर बघायला मनाई आहे, इथे नाही. ज्या बाईची इथे पतच नाही, तिने आणखी हप्ता भरायचा. मला हे अन्यायाचं वाटतं. जतच्या रस्त्यांची पडताळणी कंपनीने कशी करावी हा प्रश्न खरा आहे. पण नवऱ्याचं घर बदलल्यामुळे कोऱ्या झालेल्या पाटीचा माझ्या ब्रेक दाबण्याशी संबंध नाही.

मंदारचे मित्र सल्ला द्यायचे, की लायसन्स मिळालं तरी वर्षभर तिचं नाव घालू नकोस, हप्ता वाढतो, पोलिसांना काय कळतंय. हा सल्ला आपल्या लोकांत सर्रास फिरतो आणि तो घातक आहे. विमा अर्जात घरात राहणारी, गाडी चालवायच्या वयाची सगळी माणसं सांगावी लागतात. लपवलं आणि अपघात झाला, तर कंपनी दावा नाकारायला मोकळी होते. आणि त्या वेळी गाडी चालवणारी असते बायको, दारात समन्स येतं ते तिच्या नावाने. मंदारने मित्रांचं ऐकलं नाही.

लेखी परीक्षेत पन्नास प्रश्न, चाळीस बरोबर हवेत. रोड टेस्टला परीक्षकाचा हात हँडब्रेकपर्यंत पोचायला हवा, तिथे जुन्या कोरोलाचा मधला लिव्हर कामाला आला. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये मंदार शेजारी बसायचा आणि मी उजवी बाजू अंगात भिनवायचे. डावीकडे वळायला आधी उजवीकडे बाहेर पडायचं, ही न्यू जर्सीची खास तऱ्हा जमायला वेळ लागला. पेट्रोल मात्र इथे अजून माणूस येऊन भरतो, स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे. काच खाली करून “फुल करा” म्हणताना मला सांगलीतल्या विश्रामबागचा पंप आठवतो.

लायसन्स आलं आणि पॉलिसीच्या नूतनीकरणाची वेळही आली. पहिलं पान आम्ही टेबलावर पसरलं. १ जानेवारी २०२६पासून इथे किमान जबाबदारीची रक्कम वाढली: एका जखमी माणसासाठी पस्तीस हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांसाठी मिळून सत्तर हजार, मालमत्तेसाठी पंचवीस हजार. आधी ते पंचवीस, पन्नास, पंचवीस होतं. इथल्या दवाखान्याची बिलं ज्याने पाहिली आहेत, त्याला पस्तीस हजार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मी मंदारला जामीनदाराला वाचून दाखवायचे तसं एकेक ओळ वाचून दाखवली. दाव्याच्या हक्काच्या ओळीशी थांबले आणि सहा इजा म्हणून दाखवल्या. पाचवी ऐकल्यावर तो काही बोलला नाही. त्याने कॅल्क्युलेटर काढला, दोन्ही पर्यायांतला फरक महिन्यावर भागला आणि म्हणाला, “हे बदलू.” रक्कमही वाढवून घेतली. त्यासाठी आम्ही दुसरं काय सोडलं ते आमचं आम्हाला माहीत, पण ते दोघांनी बसून ठरवलं. पहिल्या पानावर आता दोन नावं आहेत.

याच सुमारास सांगलीहून माझ्या जुन्या शाखेतून फोन आला. मी आता अनिवासी, त्यामुळे माझं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नव्हतं, एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करायला हवं होतं. आणि अशी खाती ठेवायची परवानगी सगळ्याच सहकारी बँकांना नसते. आमच्या बँकेला नाही. ज्या खात्यात माझा पहिला पगार जमा झाला ते बंद करायचं. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या काकूंनी फॉर्म पाठवला, सोबत लिहिलं, “सही जुळू दे गं, नाहीतर मलाच परत पाठवावा लागेल.” जुळली. पैसे मी दुसऱ्या बँकेत एनआरओ ठेवीत टाकले. व्याजावर तीस टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो, ठाऊक आहे, तरी टाकले. मंदारने विचारलं, जॉइंट करायचं का. मी नाही म्हटलं, आणि त्याने कारण विचारलं नाही. खातं चालवण्याच्या पद्धतीत ‘एकटी’ लिहिलं. नॉमिनीच्या रकान्यात त्याचं नाव घालायचं होतं. ते लिहिण्याआधी त्याला हाक मारून समोर बसवलं, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ते नीट समजावून सांगितलं.